लोणी काढलेलं पाणी

आजीचं वैर दारणा धरणाशी नव्हतं. ते १९१६चं, म्हणजे तिच्याही आधीचं. तिचा राग धरणाच्या पायथ्याशी मागाहून आलेल्या वीजघरावर. "पाण्यातली वीज काढून घेतात न् आपल्याला नुसतं ताक सोडतात," म्हणायची. आमच्याकडे नाशिकरोडला आली की नळाचं पाणी तोंडाला लावून नाक मुरडायची. हे पाणी दारणेतूनच, चेहेडीहून उचललेलं. "बघ, कस नाही याला!" उन्हाळ्यात त्याला वास यायचा हे खरंच, पण त्यात विजेचा काय दोष?

तसं ते वीजघर केवढंसं! ४.९ मेगावॉट. आमच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. तिथला एक संच २१० मेगावॉटचा. त्याची बरोबरी करायला अशी चाळीसेक वीजघरं लागतील. शिवाय याला स्वतःची मर्जी नाही. दारणेचं पाणी सुटतं ते खाली नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कालव्यांसाठी, निफाड-कोपरगावकडच्या शेतीसाठी. आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाळीचं पाणी, सुटलं की ते वरून खाली पडणारच, तर जाता जाता पातं फिरवून जा, एवढंच. दळण घेऊन निघालेल्या बाईला 'येताना कोथिंबीर आण' म्हणावं, तसं. आवर्तन नसलं की बहुतेक वेळ सामसूम. (माझ्या ओळखीतली काही माणसंही अशीच चालतात, पण ते असो.)

एकदा आजीची समजूत घालायला मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पाण्यातून काही काढत नाहीत गं, फक्त त्याच्या पडण्याचा जोर वापरतात. वीस-पंचवीस मीटरांवरून पडणारं पाणी धरलं, यंत्रातली तूट धरली, तर एक युनिट विजेला अठरा-वीस हजार लिटर लागतं. आपल्या गल्लीत येतो ना, तसले दहा हजारी दोन टँकर. तेवढ्यात आपला गीझर अर्धा तास चालतो, आणि पाणी मात्र थेंबही कमी न होता पुढे जातं.

आजीने सगळं नीट ऐकून घेतलं. पदराने चष्मा पुसला.

"दोन टँकर घुसळून एवढुसंच लोणी?" ती म्हणाली. "मग बाई, तुमच्या दारणेत मुळातच काही कस नव्हता म्हण की."