काहीच न बोलणारं टर्मिनल

लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीकडे मी वळले, त्यामागे तत्त्व वगैरे काही नव्हतं. संगणक ठणठणीत होता, पण त्यावरच्या प्रणालीचे सुरक्षेचे अपडेट बंद होणार होते आणि नवी आवृत्ती त्यावर चालणार नव्हती. चालतं यंत्र भंगारात काढणं जिवावर आलं, एवढंच. उबुंटू हा लिनक्सचा एक अवतार आधी पेनड्राइव्हवरून सुरू केला, डिस्कला हात न लावता वायफाय आणि आवाज तपासला, मग इन्स्टॉल केलं. हे सगळं इतकं बिनबोभाट झालं की त्यात सांगण्यासारखं काहीच नाही.

मजा पुढे आली. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडली. यंत्राच्या मालकाच्या अधिकाराने काम करवून घेणारं सुडो लावून पहिली कमांड दिली, त्याने पासवर्ड मागितला. टाइप करायला लागले तर पडद्यावर काही उमटेचना. अक्षरं नाहीत, ठिपके नाहीत, कर्सरसुद्धा जागचा हलेना. तरीही मनातल्या मनात अक्षरं म्हणत पासवर्ड पुरा केला, एंटर दाबलं आणि काम सुरू झालं! मागे उभं राहून डोकावणाऱ्याला पासवर्ड किती अक्षरांचा आहे हेही कळू नये, म्हणून ही व्यवस्था. मिंटसारखी काही डिस्ट्रो (लिनक्सचे असे तयार अवतार) जरा दयाळू आहेत, ती तारे दाखवतात.

मग फोटोंचं एक फोल्डर कॉपी करायला सीपी ही कमांड दिली. थोडा वेळ गेला आणि कर्सर पुढच्या ओळीवर येऊन लुकलुकायला लागला. झालं की नाही? मला सवय होती ती सरकणाऱ्या पट्टीची, ‘अजून इतकी मिनिटं’ या (बहुतेकदा खोट्या) आश्वासनाची. इथे साधं ‘झालं’ म्हणायलाही कुणी तयार नाही. फाइलींची यादी दाखवणारी एलएस ही कमांड देऊन पाहिलं, तर सगळे फोटो जागच्या जागी. काम उरकून न सांगता घरी निघून जाणारी माणसं असतात, तसला प्रकार.

हा घुमेपणा कुठून आला ते शोधायला गेले आणि त्यातच रमले. लिनक्सने ज्या युनिक्स या जुन्या प्रणालीचं वळण गिरवलं, ती 1969 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत आकाराला येऊ लागली. तेव्हा टर्मिनल म्हणजे पडदा नव्हे, टेलिटाइप नावाचं टंकयंत्र. त्यातलं ‘मॉडेल 33’ सेकंदाला दहा अक्षरं या गतीने कागदावर खडखडत छापायचं. ‘आपली फाइल यशस्वीपणे कॉपी झाली आहे’ एवढं वाक्य छापायलाही त्या वेगाने काही सेकंद गेले असते, आणि कागद गेला असता तो वेगळाच. पुढे 1973 मध्ये बेल लॅब्जमधल्याच डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने युनिक्समध्ये पाइप आले. एका प्रोग्रॅमने जे बाहेर टाकलं ते थेट दुसऱ्याच्या तोंडी जाऊ लागलं. अशा वेळी पहिल्याने मधेच ‘झालं बरं का’ म्हटलं, तर दुसरा तेही शब्द माहिती म्हणून गिळणार. हे कळल्यावर तो अबोला मला शिष्टपणाचा वाटेनासा झाला.

आणि बिघडलं की मात्र ते बोलतं, तेही रोखठोक. अशी फाइलच नाही. परवानगी नाही. डिस्कवर जागा उरली नाही. आधीच्या संगणकावर ‘काहीतरी चुकलं’ असं मोघम ऐकून ऐकून कान किटले होते. काय चुकलं, ते त्याने कधी सांगितलं असेल तर शपथ!

सगळ्यात गमतीचा दम मात्र डेबियन या दुसऱ्या डिस्ट्रोने दिला. तिथे इन्स्टॉल करताना रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, वेगळा पासवर्ड ठेवला, तर आपलं रोजचं खातं सुडोच्या यादीत जात नाही. मी सुडो केलं आणि उत्तर आलं: तुमचं नाव यादीत नाही, या घटनेची खबर दिली जाईल. क्षणभर छातीत धस्स झालं. कुणाला देणार खबर? नोंद जाते रूटकडे, म्हणजे त्या यंत्राच्या मालकाकडे. म्हणजे माझी तक्रार माझ्याकडेच. सुडोच्या नव्या आवृत्त्यांत हा दम बराच सौम्य झालाय. मला जुनाच आवडायचा.

कमी बोलायची ही खोड घराण्यातलीच असावी. 25 ऑगस्ट 1991 रोजी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी आपल्या नव्या प्रणालीची, म्हणजे याच लिनक्सची, वर्दी दिली, ती ‘हा नुसता छंद आहे, फार मोठं काही होणार नाही’ अशा सुरात. नोव्हेंबर 2017 च्या यादीत जगातले सर्वांत वेगवान 500 महासंगणक झाडून सगळे लिनक्सवर चालत होते.

ज्यांना राहवत नाही त्यांची सोयही आहे म्हणा. सीपीला डॅश देऊन व्ही लावलं की कॉपी होणाऱ्या प्रत्येक फाइलचं नाव ते वाचून दाखवतं. एरवी मी आता त्याच्या गप्प राहण्यावर विश्वास ठेवते. बॅकअप घेताना मात्र व्ही लावल्याशिवाय एंटर दाबवत नाही.