आमची वाटचाल: चार मागांपासून अमेरिकेच्या बीमपर्यंत

२७ ऑगस्ट २०२५ ला सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधीच आमचे जॉबर, म्हणजे मागांची देखभाल बघणारे कारागीर, केबिनच्या दारात उभे होते. "मालक, अमेरिकेचा बीम उतरवू की विणून टाकू?" बीम म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ; सहा मागांवर त्या ऑर्डरचा ताणा चढलेला होता. पांढरा टॉवेल, कडेला ग्राहकाच्या ब्रँडची निळी पट्टी. ती पट्टी असलेला माल दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. मी म्हटलं, "विणा." त्याच दिवसापासून आपल्या मालावरचं जादा शुल्क अमेरिकेत ५० टक्के झालं होतं.

आमचा कारखाना सोलापुरातला. आजोबा विणकामासाठी तेलंगणातून आले. घरात तेलुगू, मागावर तेलुगू-मराठी मिसळून. वडिलांनी १९८८ साली पूर्व भागात चार जुने माग घेतले. दिवसा ते दुसऱ्याच्या कारखान्यात राबायचे आणि रात्री आपल्या मागावर. आई विड्या वळून आमच्या शाळेची फी भरायची. सुरुवात चादरींनी झाली, पण उधारीत पैसे अडकायला लागले तसे आम्ही टॉवेलकडे वळलो. आज अक्कलकोट रोड एमआयडीसीत २४ माग आहेत, ४१ माणसं आहेत. शिलाई आणि पॅकिंग सगळं बायकांच्या हातात.

निर्यातीचं दार आमच्यासारख्यांना उघडलं ते १ जानेवारी २००५ नंतर. त्याआधी अमेरिका-युरोपात कुणी किती कापड पाठवायचं याचा कोटा ठरलेला असे, आणि आम्ही मुंबईच्या निर्यातदारासाठी त्याच्या नावाने विणायचो. कोटा गेला आणि २००७ साली आमच्या स्वतःच्या नावाचा पहिला कंटेनर न्हावा शेवा बंदराला गेला. वडिलांनी गेटवर नारळ फोडला. सीलचा नंबर त्यांनी डायरीत लिहून घेतला होता, आणि ती डायरी आजही देव्हाऱ्याशेजारी आहे.

म्हणून करारांची चर्चा टीव्हीवर चालते तेव्हा मला ती परक्याची वाटत नाही. ४ नोव्हेंबर २०१९ ला भारताने बँकॉकमध्ये आरसेप करारात, म्हणजे चीनसह आशियातल्या देशांच्या मुक्त व्यापार करारात, जायला नकार दिला, तेव्हा मी पेढे वाटले होते. त्याआधी मायक्रोफायबरचा स्वस्त चिनी टॉवेल आठवडी बाजारापर्यंत आलेला मी बघितला होता, आणि विरोधाच्या निवेदनावर माझीही सही होती. त्या सहीचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण एक गोष्ट तेव्हा मी मनात येऊ दिली नव्हती. मी जे दार लावून घ्या म्हणत होतो, तसंच दार समोरचाही लावू शकतो, आणि त्याच्याकडच्या विणकराचं गाऱ्हाणंही माझ्याइतकंच खरं असू शकतं.

हिशेब सांगतो. कॉटनच्या टेरी टॉवेलवर अमेरिकेत मुळातच ९.१ टक्के शुल्क आहे. चार डॉलरच्या टॉवेलवर ३६ सेंट. त्यावर तेव्हा ५० टक्के चढल्यावर तेच २ डॉलर ३६ सेंट झालं. आमच्याशी स्पर्धा करणाऱ्या पाकिस्तानवर त्या वेळी जादा शुल्क १९ टक्के होतं, बांगलादेश आणि व्हिएतनामवर २०, तुर्कस्तानवर १५. धाग्यात, पाईलमध्ये (टॉवेलच्या उभ्या फासांत), शिलाईत कितीही जीव ओतला तरी ही तूट कुठून भरून काढायची?

त्यात आमचा एक कंटेनर २४ ऑगस्टला जहाजावर चढला होता. २७ तारखेआधी चढलेल्या मालाला ती वाढ लागणार नव्हती, हे वाचून आम्ही सुटकेचा श्वास टाकला. मग पुढची ओळ वाचली: माल १७ सप्टेंबरच्या आत तिथे आयात झालेला हवा. जहाज आफ्रिकेला वळसा घालून जाणार होतं. न्यूयॉर्कला पोहोचायला महिन्याहून जास्त! ग्राहकाने निम्मा भार उचलला, निम्मा आम्ही. वर्षभराचा नफा त्या एका कंटेनरमध्ये गेला.

त्याच ऑगस्टमध्ये, १९ तारखेला, केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही काळापुरतं काढलं. सूत उतरेल म्हणून मी खूश झालो. आमचे हिशेबनीस परभणीचे, घरी पाच एकर कापूस. ते वर्तमानपत्र घडी करून म्हणाले, "साहेब, हमीभाव ८,११० आहे लांब धाग्याला. बाजारात आधीच कमी मिळतोय." पुढे ते काही बोलले नाहीत. एकाच टेबलावर बसलेले आम्ही दोघं, माझ्या सुताचा उतरलेला भाव त्यांच्या घरच्या शेतातून येणार होता. स्वदेशी की खुला बाजार, असं दोन बाजूंनी ओरडणाऱ्यांनी एकदा आमच्या केबिनमध्ये येऊन बसावं.

करार सगळेच चांगले, असं मी म्हणणार नाही. पण करारात वेळापत्रक असतं. कोणत्या वर्षी किती शुल्क उतरणार, सूत कुठलं चालणार, हे आधी कळतं आणि माणूस त्यावर कर्ज काढू शकतो. मला माग घ्यायचा तर पाच वर्षांचे हप्ते असतात. एका घोषणेने शुल्क दुप्पट होत असेल तर कोणत्या भरवशावर सही करू? २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी करार झाला, तो डिसेंबर २०२५ पर्यंत अमलात आला नव्हता. युरोपीय संघाशी बोलणी २००७ ला सुरू झाली, २०१३ ला थांबली, २०२२ ला परत सुरू झाली. दरम्यान पाकिस्तानचा टॉवेल २०१४ पासून तिथे विनाशुल्क जातो. एवढी वर्षं आपण काय गमावलं, हे आमच्या गल्लीतल्या बंद शेडकडे बघून कळतं. वाटाघाटीच्या टेबलावर आमच्यासारख्या छोट्या कारखान्याचाही हिशेब कुणीतरी मांडावा, एवढीच माझी कळकळीची मागणी आहे.

खंडेनवमीला यंदाही सगळ्या मागांची पूजा केली. चालू अठरांची आणि बंद सहांचीही, हळदीकुंकू, झेंडूचा हार तसाच. बोनस कमी दिला, पण दिला. कुणाला काढलं नाही, आठवड्याचे दिवस कमी केले. शिलाईतल्या अक्कांनी स्वतःच ठरवलं की ज्यांचं घर एकटीवर चालतं त्यांना आधी काम द्यायचं.

हे लिहितोय तेव्हा डिसेंबर २०२५ आहे. गेल्या आठवड्यात ब्रिटनला नमुने पाठवले, ५५० जीएसएम (चौरस मीटरला ५५० ग्रॅम वजनाचे), करड्या रंगाचे, पट्टी नसलेले. तिकडच्या ग्राहकाने दर मान्य केला आहे, पण ऑर्डर करार लागू झाल्यावर. जॉबरनी दोन बंद मागांना तेल देऊन ठेवलं आहे.