डेडलिफ्ट आणि दाढा

जिममध्ये कुणी जड डेडलिफ्ट मारत असेल, म्हणजे वजनाचा बार जमिनीवरून उचलत असेल, तर माझं लक्ष हातापायांकडे नसतं, कानाखाली असतं. बार जमिनीवरून सुटायच्या क्षणी तिथे सुपारीएवढा गोळा टरारून वर येतो. तो मॅसेटर, चावण्याचा मुख्य स्नायू. आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या जिममधल्या काकूंचा तर इतका स्पष्ट दिसतो की वजन किती लावलंय ते मला प्लेट न मोजता कळतं.

हे उगाच होत नाही. हंगेरीचे डॉक्टर येन्ड्रासिक यांनी 19व्या शतकातच दाखवलं होतं, की हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढली की गुडघ्याचा रिफ्लेक्स, म्हणजे गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पायाला आपोआप बसणारा झटका, जोरात उसळतो. दाढा आवळल्यावरही पायांचे रिफ्लेक्स असेच वाढतात. त्यामुळे दोन-चार सेकंदांच्या जोराला दात-ओठ खाणं उपयोगी पडू शकतं. माझा त्याला विरोध नाही.

विरोध आहे तो उपवनहून येऊरचा चढ धावताना. तिथे आवळलेल्या जबड्याने काय साधणार? श्वास तोंडानेही घ्यावा लागतो, आणि घरी येईस्तोवर कानशिलं ठणकतात. एरवी आरामात असताना ओठ मिटलेले असले तरी वरच्या-खालच्या दातांत 2 ते 4 मिलिमीटर फट असते. वाचता वाचता बघा, आहे का?

माझी मैत्रीण चढावर ओरडते, "अगं, तोंड सोड की जरा!" मग मी तिला सासूबाईंच्या गोष्टी सांगायला लागते. बोलताना दाढा आवळता येत नाहीत.