जादूच्या सुईचे नियम ठरवताना

कुमार वाचकांसाठी अद्भुतरम्य कादंबरी लिहायला घेतली तेव्हा नायिकेच्या हाती जादूची सुई असावी, एवढे मनात पक्के होते. मात्र ती सुई काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे ठरल्याशिवाय कथानक पुढे सरकेना.

म्हणून ११ व्या शतकातील काश्मिरी कवी सोमदेव याच्या 'कथासरित्सागरा'तील पुत्रकाची कथा मी पुन्हा काढून वाचली. मयासुराचे दोन मुलगे तीन वस्तूंवरून भांडत असतात. पादुका घातल्या की आकाशमार्गे जाता येते, पात्रात मनात आणावे ते अन्न मिळते आणि काठीने जे रेखाटावे ते खरे होते. धावण्यात जो जिंकेल त्याच्या या वस्तू, असे सांगून पुत्रक दोघांना पळायला लावतो आणि स्वतः पादुका घालून सगळे घेऊन निघून जातो. यांपैकी काठीच्या सामर्थ्याला सीमाच नाही, आणि म्हणूनच सोमदेव ती अखेरपर्यंत राखून ठेवतो, असे मला वाटते. पत्नी पाटली हिच्या विनंतीवरून पुत्रक काठीने नगर रेखाटतो, पाटलिपुत्र उभे राहते आणि कथा तिथे थांबते. हीच काठी आरंभी वापरात आली असती, तर पुढे कोणतीही अडचण टिकली नसती.

माझ्या सुईला मात्र सुरुवातीपासूनच काम करायचे होते, त्यामुळे तिला मर्यादा घालणे भाग होते. कापड असो वा जखम, ती सांधते. पण दोरा आजीने शिवलेल्या गोधडीतूनच उसवावा लागतो आणि वापरलेला दोरा परत मिळत नाही. हे ठरल्यावर मी घरातली जुनी गोधडी पसरून धावदोऱ्याच्या ओळी नीट पाहिल्या. दोन-तीन ओळी निघाल्या की आतले लुगड्याचे थर सरकू लागतात. तेच वर्णन कादंबरीत आले.

नियम ऐन संकटात सांगितला तर वाचकाला ती लेखकाची पळवाट वाटते. यासाठी दुसऱ्याच प्रकरणात नायिका करडाचा फाटलेला कान शिवते आणि एवढ्याशा कानाला वीतभर दोरा लागतो, हे तिच्याबरोबर वाचकही पाहतो. शेवटी एकच ओळ उरलेली असताना तिचा भाऊ आणि गावासाठी लढलेला एक परका माणूस, दोघेही जखमी होतात. ती ओळ ती परक्यासाठी उसवते आणि भावाची जखम साध्या सुईदोऱ्याने, आजीने शिकवलेल्या टाक्यांनी शिवते. त्या प्रकरणाचा खर्डा सध्या चालू आहे.