पेटीचे पैसे

परवा माझ्या एका ज्युनियरचा फोन आला. मुंबईच्या एका मोठ्या प्रदर्शनात चित्र सिलेक्ट झालं म्हणे, आवाजात नुसता आनंद, अन् दोन मिनिटांनी हळूच विचारतो, "दादा, पेटी स्वस्तात कोण बनवून देते?"

पेटी म्हणजे लाकडी क्रेट. नागपूर ते मुंबई ८०० किलोमीटरच्या वर, कॅनव्हास काय रोल करून पिशवीत नाही टाकता येत. मागच्या वेळी ५ बाय ४ फुटाच्या एका चित्रासाठी पेटी, ट्रान्सपोर्टपर्यंतचा टेम्पो, जाण्यायेण्याचं भाडं धरून माझे साडेआठ हजार गेले, चित्र विकलं गेलं नाही अन् परत आलं तेव्हा कोपऱ्यात भोक होतं. मुंबईतला पोरगा तेच चित्र लोकलच्या लगेज डब्यात घालून नेतो. स्पर्धेचे नियम दोघांना सारखेच असतात, पण सुरुवातीलाच आपण साडेआठ हजारांनी मागे असतो ना.

सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही, ते खरं नाहीच. ललित कला अकादमी १९५४ पासून आहे, राज्याचं कला संचालनालय १९६५ पासून, दरवर्षी प्रदर्शनं होतात, बक्षिसं मिळतात. केंद्राची फेलोशिप आहे, ज्युनियरला महिन्याला १०,००० आणि सिनियरला २०,०००, दोन वर्षं. चांगलीच गोष्ट आहे. पण साहित्य, नाटक, नृत्य, संगीत, चित्र सगळं मिळून देशभरात २०० ज्युनियर आणि २०० सिनियर, आणि हप्ता सहा महिन्यांनी, तोवर घरमालक थोडाच थांबतो.

मला खरं टोचतं ते हे की मदत बहुतेक वेळा चित्र पूर्ण झाल्यावर येते, मग बक्षीस, कॅटलॉग, सत्कार, शाल. चित्र होत असतानाचे जे आठ-दहा महिने असतात त्यांचं कुणालाच काही पडलेलं नसतं. मी टिनाच्या छताखाली काम करतो. मे महिन्यात ४५ डिग्री, वॉटरकलरचा दुसरा वॉश, म्हणजे रंगाचा पातळ हात, द्यायच्या आत पहिला वाळून जातो, कूलर लावला तर कागद दमट होऊन फुगतो. म्हणून दोन महिने पहाटे ४ ते ८ एवढंच काम, नंतर क्लासेस घ्यायचे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची लाखो पोरं महाराष्ट्रात परीक्षा देतात, दहावीला वाढीव गुण मिळतात, आणि दहावी झाली की त्यांचे ब्रश बंद. त्यातला एखादाच हट्टानं चित्रकला कॉलेजला जातो, त्यालाही घरचे विचारतात, काहून वेळ वाया घालवून राहिला बे?

२०२३ च्या मार्चमध्ये आपल्या नागपुरात जी-२० ची सी-२० बैठक, म्हणजे सामाजिक संस्थांची बैठक, झाली तेव्हा शहरभर भिंती रंगल्या. मीही रंगवली एक, चौरस फुटाच्या रेटनं, वाघ काढायचा होता, काढला. त्या पैशात दोन महिन्यांचं भाडं निघालं, त्याबद्दल मनापासून बरं वाटतं. पण ते सजावटीचं काम आहे, त्याला कलेला मदत म्हणू नका. आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं मुख्यालय आहे, तिथल्या क्राफ्ट मेळ्याला आख्खं नागपूर लोटतं, लोककलावंत दूरदूरच्या राज्यांतून येतात, आणि ते हवंच आहे. मग इथल्याच एखाद्या पोरीनं कोळसा खाणीच्या धुळीवर इन्स्टॉलेशन, म्हणजे वस्तू मांडून उभं केलेलं काम, केलं तर तिला लोकांसमोर उभं करायला आपण काय करतो?

सीएसआरचंही तसंच. २०१३ च्या कंपनी कायद्यात कला आणि संस्कृती स्पष्ट लिहिलेली आहे, मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे २ टक्के समाजकामाला द्यायचे असतात. नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतला एक रिकामा शेड, उंच छप्पर, वीज आणि पाणी, एवढं कुणी दहा चित्रकारांना पाच वर्षांसाठी दिलं तरी विदर्भात केवढं काम उभं राहील! दुसरं म्हणजे मुंबई-दिल्लीबाहेरून चित्र निवडलं तर जाण्यायेण्याचा वाहतूक खर्च आयोजकांनी द्यावा, विम्यासकट. आणि प्रदर्शनात काम लावलं तर चित्रकाराला मानधन द्या हो, हॉलवाल्याला, मांडववाल्याला, चहावाल्याला सगळ्यांना मिळतं.

ज्युनियरला मी नवीन पेटी बनवू नको म्हटलं. माझी जुनी माळ्यावर पडलीये, त्याचं चित्र ४ बाय ३ चं आहे, बाजूनं थर्माकोल भरावं लागेल आणि एक फळी बदलायची आहे. रविवारी येऊन राहिला तो.