पावणेदहा नंबरच्या प्लॅटफॉर्मपासून कोलचेस्टरपर्यंत : बूडिकाच्या मागावर

लंडनला ताईकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. किंग्ज क्रॉस स्टेशनवर एका जादूगार पोराच्या नावाने पावणेदहा नंबरचा प्लॅटफॉर्म बनवलाय, भिंतीत अर्धी घुसलेली ट्रॉली आणि तिच्याबरोबर फोटो काढायला ही भली मोठी लाईन. भाच्याला अर्थातच तिथे जायचं होतं. पाऊण तास उभं राहून फोटो झाला आणि मग तो एकदम म्हणाला, "मावशी, दहा नंबर प्लॅटफॉर्मच्या खाली खरी राणी पुरलीये माहितीये? बूडिका. रोमन लोकांना तिने जाळलं होतं." म्हटलं कोणी सांगितलं, तर म्हणे वर्गातल्या एका मुलाने. झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला आणि ट्रिपचे उरलेले दिवस मी या बाईच्या मागे फिरत राहिले.

बूडिका म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वी ब्रिटनमधल्या रोमन राजवटीविरुद्ध उठलेली राणी. तर आधी दहा नंबर प्लॅटफॉर्मचं बघू. तिथे काही नाहीये. या भागाचं जुनं नाव बॅटल ब्रिज, त्यावरून कोणीतरी जोडलं की तिची रोमनांशी शेवटची लढाई इथेच झाली असणार. पण ते नाव मुळात ब्रॉड फोर्ड, म्हणजे नदीचा रुंद उतार, याचा अपभ्रंश. लढाई कुठे झाली हे आजतागायत सापडलेलं नाही, मग कबर कुठून सापडणार. हॅम्पस्टेड हीथला एक टेकाड आहे, तेही तिचीच कबर म्हणून दाखवायचे, १८९४ मध्ये खणून बघितलं तर आत राणीबिणी कोणी नव्हतं. आपल्याकडे कसं प्रत्येक गावाजवळ सीतेची न्हाणी आणि भीमाची चूल असते ना, तसंच.

दुसऱ्या दिवशी वेस्टमिन्स्टर ब्रिज. बिग बेनच्या समोर, पुलाच्या तोंडाशीच तिचा पुतळा आहे आणि बहुतेक लोक त्याच्याकडे पाठ करून घड्याळाबरोबर सेल्फी काढत असतात. दोन उधळलेले घोडे, रथ, हातात भाला, मागे दोन मुली आणि रथाच्या चाकांना बाहेर आलेली धारदार पाती. थॉमस थॉर्निक्रॉफ्ट नावाच्या शिल्पकाराने १८५६ साली हे काम सुरू केलं, मॉडेल म्हणून घोडे खुद्द प्रिन्स अल्बर्टने दिले होते, १८८५ ला शिल्पकार गेला आणि पुतळा बसला १९०२ मध्ये. ती पाती तर निव्वळ कल्पना, ब्रिटनमध्ये कुठल्याही उत्खननात पातीवाला रथ निघालेला नाही. पण पोरांना तेच आवडतं. भाचा चाकाकडे बघून म्हणाला, "ऑसम."

मी मात्र खालचा लेख वाचून थबकले. विल्यम कूपर नावाच्या कवीच्या १७८२ च्या कवितेतल्या ओळी कोरल्यात, ज्या प्रदेशांची सीझरला ओळखही नव्हती त्यांच्यावर तुझे वंशज राज्य करतील, असा त्यांचा अर्थ. वंशज म्हणजे हे इंग्रज, आणि ते प्रदेश म्हणजे कोण? आपणच की! साम्राज्याविरुद्ध उठलेली बाई, जिने लंडन जाळून राख केलं, तिलाच लंडनमध्ये साम्राज्याची कुलदेवता करून बसवलीये. त्यात तिच्या नावाचा अर्थही विजय, म्हणजे आपली विजया, आणि गादीवर कोण तर व्हिक्टोरिया. मग काय, जुळून आलं सगळं.

तिची गोष्ट नीट वाचली तर आपल्याला अजूनच ओळखीची वाटेल. आजच्या नॉरफोकच्या भागात आयसिनी नावाची जमात, तिचा राजा प्रासुटागस रोमचा मांडलिक. त्याने मृत्युपत्रात आपल्या दोन मुलींबरोबर सम्राट नीरोलाही वारस केलं, वाटलं असेल की तेवढ्यावर भागेल. तो गेल्यावर रोमन अधिकाऱ्यांनी सगळंच घशात घातलं, राणीला फटके मारले, मुलींवर बलात्कार झाले. वर सावकारीचा तगादा वेगळा, तत्त्वज्ञ म्हणून मिरवणाऱ्या सेनेकाने ब्रिटनमध्ये प्रचंड कर्ज वाटून ते एकदम परत मागितलं असं डिओ नावाचा रोमन इतिहासकार लिहितो. नवरा गेला, वारस नामंजूर, राज्य खालसा. १८५४ ची झाशी आठवल्याशिवाय राहते का? आणि थॉर्निक्रॉफ्टने काम सुरू केलं त्याच्या पुढच्याच वर्षी इकडे सत्तावन्नचा उठाव झाला. तिकडे स्टुडिओत बंडखोर राणी घडतेय आणि इकडे १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ दुसरी राणी इंग्रजांच्याच फौजेशी लढताना पडतेय. पुलावर उभी राहून मी हे ताईला बोलले तर ती म्हणाली, "हळू बोल गं."

आपण बूडिकाला ओळखतो ते दोन रोमन पक्षाच्या लेखकांमुळे, तिच्या बाजूने एक ओळ कोणी लिहिलेली नाही. टॅसिटस उठावाच्या वेळी पाचेक वर्षांचा पोरगा होता, पण त्याचा सासरा अग्रिकोला तेव्हा ब्रिटनमध्येच रोमन गव्हर्नरच्या हाताखाली होता, त्यामुळे घरात ऐकलेलं असणार. दुसरा डिओ, तो शंभराहून जास्त वर्षांनी लिहितो. उंच, दरारा बसेल अशी, घोगऱ्या आवाजाची, कमरेखाली रुळणारे पिंगट केस, गळ्यात सोन्याचा जाड गोफ, हे सगळं वर्णन त्याचं, टॅसिटस दिसण्याबद्दल अक्षर लिहीत नाही. मरण विचाराल तर एक म्हणतो विष घेतलं, दुसरा म्हणतो आजारी पडली. आकडे तर बखरकारांना लाजवतील असे, शेवटच्या लढाईत बूडिकाच्या बाजूचे ८०,००० लोक मेले आणि रोमन फक्त ४००. पराभूतांचं गणित जिंकणाऱ्याने मांडलं की असंच उत्तर येतं.

मग खरं काय? ते बघायला एकटीच कोलचेस्टरला गेले, लिव्हरपूल स्ट्रीटवरून ट्रेनने तासाभराचं अंतर. इथे रोमनांची पहिली मोठी वसाहत होती, निवृत्त सैनिकांना जमिनी दिलेल्या, गावाला तटबंदीच नाही आणि मधोमध सम्राट क्लॉडियसचं अवाढव्य देऊळ. इ. स. ६० किंवा ६१ मध्ये बूडिकाची माणसं पहिली इथेच आली, गव्हर्नर तेव्हा लांब अँगलसी बेटावर मोहिमेवर. सैनिक देवळात कोंडून घेऊन दोन दिवस टिकले, मग संपले. त्या देवळाच्या पायावरच नॉर्मन लोकांनी अकराव्या शतकात किल्ला बांधला, त्यातच आता म्युझियम आहे. वेगळं तिकीट काढून गाईडबरोबर तळघरात उतरता येतं. वर पुतळ्याजवळ काही वाटलं नव्हतं पण त्या गार अंधारात रोमन दगडाला हात लावल्यावर अंगावर काटा आला.

या गावात कुठेही खोल खणलं की लालसर जळक्या मातीचा थर लागतो, मातीच्या भिंती आगीत भाजून विटेसारख्या झालेल्या. लंडनच्या पोटातही तोच थर आहे. २०१४ मध्ये इथल्या हाय स्ट्रीटवर एका मोठ्या दुकानाच्या कामाच्या वेळी दागिने निघाले, कानातली, कडी, अंगठ्या, नाणी, कोणीतरी घाईने घराच्या जमिनीत पुरून ठेवलेली. त्याच घरात जळून कोळसा झालेले खजूर, अंजीर, गहू. शत्रू आला म्हणून घरातल्या बाईने आधी दागिने पुरले आणि ते उकरायला परत कोणी आलं नाही. बूडिका खरी होती का हा प्रश्न मला त्या कानातल्यांसमोर सुचलाच नाही, पण ही आग जिच्या घरात शिरली तिला पुतळा नाही, हे मात्र सुचलं.

त्याच म्युझियममध्ये लाँजिनस नावाच्या घोडेस्वाराचा थडग्याचा दगड आहे. १९२८ ला सापडला तेव्हा चेहरा नव्हता, सगळे म्हणाले बूडिकाच्या लोकांनी रागाने फोडला. वर्षानुवर्षं हेच चाललं. १९९६ मध्ये त्याच जागी परत खणलं तर चेहरा सापडला, बहुतेक १९२८ च्या खोदकामातच तुटून पडलेला. म्हणजे सत्तर वर्षं बिचारीवर खोटा आळ!

संध्याकाळी घरी आले आणि भाच्याला सांगितलं की प्लॅटफॉर्मखाली कोणी नाही, चाकाला पातीही नव्हती. त्याचं तोंड पडलं. मग म्हटलं थांब, तुमच्या लंडनच्या खाली जळका थर आहे, आणि एक लाकडी पाटी सापडलीये, इ. स. ६२ च्या ऑक्टोबरची, सेंट ऑल्बन्सहून लंडनला वीस खेपा माल पोचवायचा करार. जाळपोळ होऊन जेमतेम वर्ष-दोन वर्षं झालेली, दोन्ही गावं जळालेली, आणि धंदा परत सुरू. त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, "पण मग क्वीन हरली ना?"

हो म्हटलं, हरली. "मग तिचा स्टॅच्यू का आहे?"

ताई किचनमधून म्हणाली, जेवायला चला.