डोकं उठलं की गोळी, पण कधी?

आज परभणीत उन्हाचा नुसता जाळ. असल्या दिवशी मेडिकलवर डोकेदुखीच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खपतात, आणि घोळ तिथंच आहे. पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (अर्धशिशीची खास गोळी) किंवा मिश्र गोळी (एकात दोन-तीन औषधं असलेली) १० किंवा जास्त दिवस, असं ३ महिन्यांवर चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. गोळी घेतली त्या तारखेवर भिंतीच्या कॅलेंडरवर फुली मारा. आठवड्याला २ फुल्या, बस्स.

अर्धशिशीची, डॉक्टरांनी दिलेली गोळी मात्र ठणका सुरू होतानाच घ्यायची. 'बघू जरा' म्हणत थांबलं की जठराचं काम मंदावतं आणि गोळी रक्तात उशिरा पोचते. हृदयविकार असेल तर ट्रिप्टान नकोच.

चाळिशीनंतर पाळी मागंपुढं होऊ लागली की इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन खालीवर होतं, बायकांचं दुखणं वाढतं. त्यात संकष्टी, वर सकाळचा चहा बंद! मग दुपारी डोकं उठणारच. उपवास करा हो, पण पाणी, ताक सोडू नका.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, किंवा कुठल्याही वयात क्षणात कडाडून आलेली, किंवा सोबत जीभ अडखळली, हात लुळा पडला, तर लगेच मोठा दवाखाना गाठा.